बॉक्स जेलीफिशना स्वतंत्र वर्ग कसा मिळाला

बॉक्स जेलीफिशच्या नामकरणाचा आरंभ १७५८ पर्यंत मागे जातो. कार्ल लिनियस यांनी त्या वर्षी भूमध्य समुद्रातील एका जातीला ‘मेडुसा मार्सुपियालिस’ असे नाव दिले. लॅटिनमधील ‘मार्सुपियम’ म्हणजे बटवा, त्यामुळे जातीचे नाव नेमके होते; पण ‘मेडुसा’ या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) तेव्हा नाना प्रकारचे जेलीफिश एकत्र घातले जात असल्याने या प्राण्याचे वेगळेपण त्यातून कळत नव्हते. चौकोनी घुमट आणि त्याच्या चार कोपऱ्यांवरून लोंबणारी संस्पर्शके (दंश करणारे लांब तंतू) पाहून अर्न्स्ट हेकेल यांनी एकोणिसाव्या शतकात ‘क्युबोमेडुसी’ हा गट केला, तरीही तो सायफोझोआ या, नेहमीच्या जेलीफिशांच्या, वर्गाचाच भाग राहिला.

पुढील महत्त्वाची भर दुर्दैवी घटनांतून पडली. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर, कार्डवेल येथे, जेलीफिशच्या दंशाने पाच वर्षांचा मुलगा दगावला. डॉ. ह्यूगो फ्लेकर यांच्या सूचनेवरून तिथल्या पाण्यात जाळे टाकले असता एक अनोळखी बॉक्स जेलीफिश सापडला. रोनाल्ड साउथकॉट यांनी १९५६ मध्ये त्याला ‘कायरोनेक्स फ्लेकेराय’ हे नाव दिले. त्यात ग्रीकमधील ‘हात’ आणि लॅटिनमधील ‘हत्या’ या शब्दांची जोड आहे. दंशानंतर काही वेळाने सुरू होणाऱ्या तीव्र वेदनांच्या निराळ्या आजाराला फ्लेकर यांनी १९५२ मध्येच, केर्न्स परिसरातील आदिवासी समूहाच्या नावावरून, ‘इरुकांजी’ म्हटले होते. त्याचे कारण शोधताना डॉ. जॅक बार्न्स यांनी १९६१ मध्ये स्वतःला, आपल्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला एका चिमुकल्या जेलीफिशचा दंश करवून घेतला. तिघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. तो प्राणी १९६७ पासून ‘कारुकिया बार्नेसाय’ म्हणून ओळखला जातो.

तरीही वर्गाचा प्रश्न आकाराने किंवा विषाने सुटला नाही. माझ्या मते निर्णायक ठरले ते जीवनचक्र. सायफोझोआंमध्ये सामान्यतः पॉलिपच्या (तळाला चिकटून राहणाऱ्या आधीच्या अवस्थेच्या) आडव्या चकत्या पडून त्यांतून लहान जेलीफिश सुटतात. ‘ट्रायपेडालिया सिस्टोफोरा’ या बॉक्स जेलीफिशचा अख्खा पॉलिप मात्र एकाच जेलीफिशमध्ये रूपांतरित होतो, हे बर्नहार्ड वेर्नर आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखवले, आणि १९७३ मध्ये वेर्नर यांनी ‘क्युबोझोआ’ हा स्वतंत्र वर्ग मांडला.

या वर्गात आज सुमारे ५० जाती असून त्यांचे दोन गण (वर्गाचे उपविभाग) मानले जातात. कारुकिया कॅरिब्डेइडा गणात मोडतो. कायरोनेक्स, ज्याच्या प्रत्येक कोपऱ्यावरील हातासारख्या भागाला फाटे फुटून अनेक संस्पर्शके निघतात, तो कायरोड्रोपिडा गणात.