पोपट पाळणे : नैतिक बाजू

भारतात 'मिठू' म्हणून पाळला जाणारा हिरवा, लाल चोचीचा पोपट (सिटॅक्युला क्रॅमेरी, लांबी शेपटीसह सुमारे 40 सेंमी.) हा कुत्र्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या माणसाळलेला प्राणी नाही. तो बहुधा रानातून धरून आणलेला असतो, त्यामुळे तो पाळणे योग्य की अयोग्य याचा विचार झाडाच्या ढोलीपासूनच करावा लागतो. पंख न फुटलेली पिल्ले काढताना ढोलीचे तोंड अनेकदा फोडले जाते व ती जागा पुढच्या विणीला निकामी होते. वाटेत भुकेने किंवा गुदमरून मेलेली पिल्ले गिऱ्हाइकाला दिसत नाहीत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार देशी पोपट पकडणे व विकणे गुन्हा आहे. 'लव्हबर्ड' म्हणून सर्रास विकला जाणारा बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियातील व पिंजऱ्यातच पैदास झालेला असल्याने त्याला ही बंदी लागू होत नाही. मात्र त्यालाही उडण्याची ओढ असतेच. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाने क्रूरता ठरवली आहे; पण खिडकीला टांगलेला कोणता पिंजरा उडणाऱ्या जीवाला पुरेसा म्हणायचा? दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, असेच म्हटले.

'आम्ही त्याला पोटच्या पोरासारखे वाढवतो' हा पाळणाऱ्यांचा युक्तिवाद खोटा नसतो, अपुरा असतो. पोपट थव्याने राहतो व सोबत्यांचे आवाज उचलतो; एकट्या पोपटाला थवा म्हणून घरची माणसेच उरतात, म्हणून तो त्यांचे बोल शिकतो. ज्या बोलण्याचे कौतुक होते, त्यामागे हा एकटेपणा असतो. दिवसभर घर रिकामे राहू लागले की असा पक्षी स्वतःची पिसे उपटताना आढळतो. शिवाय तो वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. ज्या मुलासाठी आणला, ते शिकून परगावी गेल्यावरही पेरूची फोड आणि भिजवलेली डाळ कोणीतरी घालावीच लागते.

पश्चात्तापाने पिंजरा उघडणे हा उपाय नव्हे. पंख छाटलेला, माणसाच्या हातून खाणारा पोपट कावळ्या-मांजरांच्या तावडीत सापडतो. त्याला वन विभागाच्या किंवा मान्यताप्राप्त बचाव केंद्राच्या स्वाधीन करावे. तेथे नवी पिसे येईपर्यंत त्याला मोठ्या जाळीघरात उडण्याचा सराव देता येतो, आणि जो सोडण्याजोगा होत नाही त्याला जन्मभर सांभाळावे लागते.