इंडी रॉक अल्बम : मुंबईतील श्रवण व श्रोतृमत

मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भांडवलाबाहेर तयार झालेल्या, एकाच अल्बममध्ये अनेक शैली नांदवणाऱ्या आणि सुरावट, ध्वनी किंवा शब्द यांतून उदास, अस्वस्थ वातावरण उभे करणाऱ्या रॉक अल्बमविषयी मुंबईच्या श्रोत्यांत बनत गेलेली मते, तसेच त्या मतांमागील ऐकण्याच्या सवयी व साधने यांचा विचार या नोंदीत केला आहे. रॉकचा सर्वसाधारण इतिहास आणि वाद्यमेळ येथे गृहीत धरला आहे.

ब्रिटनमध्ये जानेवारी १९७७ मध्ये बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने पदरमोड करून चार गाण्यांची तबकडी काढली. १९८० पासून तिकडे स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांची वेगळी विक्रीसूची निघू लागली आणि त्याच दशकात ‘इंडी’ (इंडिपेंडंट, म्हणजे स्वतंत्र) हे व्यापारी विशेषण शैलीलाही चिकटले. मुंबईत शैली आधी पोहोचली, व्यापार मागाहून आला. इथले बरेच बँड कंपनीबाहेर राहिले ते कंपनीने दारात उभे केले नाही म्हणून. ‘इंडी’ हे बिरुद मिरवण्याची रीत बहुधा २००० नंतरची असावी.

उगमाविषयीचे मतभेद : मुंबईच्या स्वतंत्र रॉक अल्बमची सुरुवात कोठून धरावी, यावर एकमत नाही. एक पक्ष १९७० आणि १९७१ च्या ‘सिमला बीट’ तबकड्यांपर्यंत मागे जातो. सिमला या सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरच्या हौशी बँडच्या स्पर्धा घेतल्या गेल्या आणि त्यांतील निवडक गाणी तबकड्यांवर आली. ध्वनिमुद्रण साधे, गिटारचा आवाज खरखरीत, गाणी काही स्वतःची तर काही परदेशी बँडची. त्यामुळे आजच्या कानाला त्या विलक्षण धूसर वाटतात. मात्र ही संकलने आहेत, एका बँडचे सलग काम नव्हे, आणि पैसा सिगारेट कंपनीचा होता. स्वातंत्र्याचा दावा इथेच लंगडा पडतो. या तबकड्यांना पूर्वपीठिकेचे स्थान देणे अधिक युक्त.

दुसरा पक्ष ॲटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडच्या ‘ऑब्सेशन ७७’ या अल्बमला मान देतो. मराठी वाचकाला या बँडची ओळख नंदू भेंडे यांच्यामुळे पटकन पटावी. आत्माराम भेंडे व आशा भेंडे यांचे हे पुत्र या बँडशी गायक म्हणून निगडित होते, आणि १९७४ च्या सुमारास अलेक पदमसी यांनी मुंबईत बसवलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडासची भूमिका केली होती. अल्बमच्या कालनिश्चितीत अडचण आहे. शीर्षकातले साल हे प्रकाशनाचे साल मानून काही याद्यांत तो १९७७ खाली टाकलेला दिसतो. तबकडी बाजारात त्यानंतर काही वर्षांनी आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २०११ च्या सुमारास अमेरिकेतील एका कंपनीने तो पुन्हा प्रकाशित केला आणि परदेशी संग्राहकांत त्याचा बोलबाला झाला. त्याला ‘गूढ’, ‘अंधारा’ ठरवणारे मत बव्हंशी या संग्राहकांचे आहे. मुंबईच्या तरुण श्रोत्यांनी ते अल्बमसोबतच आयात केले. त्या काळच्या हॉटेलांत आणि कॉलेजांत हा बँड नाचायला ऐकला जात होता, याची आठवण ठेवलेली बरी.

तिसरे नाव रेमो फर्नांडिस यांचे. शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली १९८४ ची कॅसेट, आणि ती दुकानोदुकानी पोहोचवणारी त्यांची स्कूटर, हे भारतीय स्वतंत्र संगीताचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. स्वावलंबनाच्या कसोटीवर या दाव्याला तोड नाही. पण ती कॅसेट गोव्याची आहे आणि काळोखी तर मुळीच नाही. त्याच वर्षी मुंबईत रॉक मशीन हा बँड स्थापन झाला (१९९३ पासून इंडस क्रीड). त्याचा १९८८ चा पहिला अल्बम स्वतः रचलेल्या गाण्यांचा असला, तरी तो रेकॉर्ड कंपनीने बाजारात आणला.

शैलीच्या अंगाने पाहता, इलेक्ट्रॉनिक ध्वनी, पंक आणि जड गिटार यांची सरमिसळ करणारा पेंटाग्राम हा बँड अधिक उपयोगी उदाहरण ठरतो. त्याचा पहिला अल्बम १९९६ चा, चौथा २०११ चा. २००५ मध्ये हा बँड ब्रिटनच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आला. या दीड दशकातच ‘अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा’ अशी अपेक्षा धरणारा श्रोता मुंबईत तयार झाला, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

काळोखी ध्वनीची घडण : पाश्चात्त्य समीक्षेत अल्बमच्या काळोखीची चर्चा मायनर स्वरसप्तकापासून सुरू होते. मुंबईच्या कानाला हा आधार पुरत नाही. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे वाळकेश्वरचे; त्यांनी रूढ केलेल्या दहा थाटांशी युरोपीय मोड (स्वरसप्तकाचे प्रकार) ताडून पाहिले, तर एओलियन मोड म्हणजे आसावरी थाट, डोरियन म्हणजे काफी, फ्रिजियन म्हणजे भैरवी. कोमल रिषभावर घोटाळणारा जड गिटारचा रिफ (पुनःपुन्हा येणारा छोटा स्वरसमूह) युरोपीय श्रोत्याला धोक्याची चाहूल देतो. ज्याच्या घरी पेटी वाजत आली, त्या दादर-गिरगावच्या श्रोत्याला तेच स्वर भैरवीचे म्हणून ओळखीचे असतात. भैरवी म्हणजे मैफलीची सांगता, भजन, आर्जव. भीती तिच्या आसपासही नसते. षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधले अंतर युरोपात सैतानी म्हणून बदनाम झाले, इकडे तोच तीव्र मध्यम यमनात प्रसन्न लागतो. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर ऐकलेला स्वर आणि बदलत्या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटावर) ऐकलेला स्वर यांचा परिणाम वेगळा होतो, हे खरे. तरीही नुसते सप्तक पाहून अल्बम उदास ठरवणारे परीक्षण इथे अपुरे पडते.

मुंबईचा श्रोता ‘डार्क’ म्हणतो तेव्हा त्याचा रोख बहुधा आवाजाच्या पोताकडे असतो : खाली उतरवून लावलेल्या गिटारी, पुढे आणलेला बेस, रिव्हर्बमध्ये (कृत्रिम घुमाऱ्यात) बुडवलेला गळा, कोरडा आणि यंत्रासारखा ड्रम. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमवर निर्माता मार्टिन हॅनेट यांनी ड्रमच्या आवाजाला डिजिटल डिले (आवाज किंचित उशिरा परत ऐकवणारे यंत्र) लावून जो रिकामा, थंड अवकाश निर्माण केला, तो या घडणीचा मूळ नमुना मानतात. (त्याच्या मुखपृष्ठावरची पल्सार या ताऱ्याच्या स्पंदनांची पांढरी रेषाचित्रे टी-शर्टवर चर्चगेटपासून ठाण्यापर्यंत दिसतात; ते घालणाऱ्या किती जणांनी अल्बम ऐकला असेल, हा प्रश्न या नोंदीच्या कक्षेबाहेरचा आहे.)

या पोतात साधनांचाही वाटा होता. १९८० च्या दशकात परदेशी अल्बम मुंबईत येत ते आखातातल्या किंवा जहाजावरच्या नातेवाइकांच्या सामानातून, आणि नंतर कॅसेटवरून कॅसेटवर उतरत. प्रत्येक प्रतीत वरच्या पट्टीची चमक कमी होते आणि फितीची खरखर वाढते. त्यात कॅसेट डेकच्या हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कोन जरा सरकलेला असेल, तर झांजा पार दबून जातात. हेडशेजारचा बारीक स्क्रू छोट्या पेचकसाने किंचित फिरवला की एकाएकी झांजा मोकळ्या होतात, ही युक्ती त्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक होती. तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरून ज्यांचे मत बनले, त्यांनी मूळ अल्बमपेक्षा जास्त काळोख ऐकला. अशांपैकी काहींना पुढे सीडीवर तोच अल्बम ‘पातळ’ वाटला, तो यामुळेच. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये विकत घेण्याआधी ऐकून पाहण्याची सोय होती. २०१६ मध्ये ते दुकान बंद झाले.

हल्लीचे ऐकणे मोबाइलवर आणि पुष्कळदा लोकलमध्ये होते. ४०-४५ मिनिटांचा अल्बम बोरिवली-चर्चगेट जलद गाडीच्या प्रवासात जेमतेम बसतो. पण डब्यातल्या पंख्यांच्या आणि चाकांच्या आवाजात अल्बममधले हळू भाग बुडतात. गाणे अर्धे मिनिट गायब होते आणि मग एकदम कानावर आदळते. ‘मध्येच काही ऐकूच येत नाही’ ही तक्रार मंद-तीव्र आवाजाचा खेळ करणाऱ्या अल्बमविषयी वारंवार येते. ती रचनेवरची टीका समजली जाते. खरे तर ती डब्यावरची आहे.

स्थळे आणि श्रोतृवर्ग : फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात भरे. तिथल्या गर्दीची कसोटी गिटारची एकट्याची कारागिरी आणि परदेशी गाण्यांची हुबेहूब नक्कल. बँड स्वतःचे गाणे सुरू करू लागला की गलका होई, आणि मंद लयीच्या गाण्याला तर अजिबात थारा नसे. अनेक बँडचे सुरुवातीचे अल्बम या गर्दीला नजरेसमोर ठेवून रचलेले जाणवतात. शांतता क्षेत्रांविषयीचे २००० चे नियम आणि त्यानंतरचे न्यायालयीन आदेश यांमुळे रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले. रुग्णालय, शिक्षणसंस्था किंवा न्यायालय यांच्यापासून १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरता येतो, आणि रंगभवनाला तर सेंट झेवियर्स कॉलेज अगदी खेटून आहे. महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेला.

२००७ च्या अखेरीस लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हे संगीत-कार्यक्रमांचे ठिकाण उघडले. ते २०१६ मध्ये बंद पडले, पण त्या आठ-नऊ वर्षांत काळोख्या, संमिश्र अल्बमला श्रोता मिळाला तो प्रामुख्याने अशा बंद खोल्यांत. छप्पर, बरी ध्वनियंत्रणा आणि बसायला जागा असली की हळू गाणे टिकते. तिकीट आणि खाण्यापिण्याचा खर्च धरता हा श्रोता खिशाने वेगळा होता, हेही नोंदवायला हवे. २०२३ च्या जानेवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर भरलेल्या लोलापलूझा महोत्सवात द स्ट्रोक्स आणि सिगरेट्स आफ्टर सेक्स हे बँड आले. यांतल्या दुसऱ्याची कुजबुजती, अतिमंद गाणी खुल्या मैदानात हजारोंनी तोंडपाठ म्हटली. रंगभवनच्या पिढीला हे पटले नसते.

मतांचे स्वरूप : संमिश्र शैलीवरचा ठरलेला आक्षेप म्हणजे ‘एकाच अल्बममध्ये चार बँड ऐकल्यासारखे वाटते’. तो मुंबईत घेतला जावा, याचे थोडे आश्चर्य वाटते. याच शहरात सी. रामचंद्र यांच्या साथीला चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट होता, सेबॅस्टियन डिसूझा शंकर-जयकिशन यांचे वाद्यमेळ लिहीत होते, आणि एकाच चित्रपटगीतात जॅझ, व्हायोलिनचा ताफा व राग सुखाने राहत होते. सरमिसळीची सवय कानाला जुनी आहे. अडते ते दुसरीकडे. चित्रपटगीत कितीही भटकले तरी मुखड्यावर परतते. या अल्बमांतली पुष्कळ गाणी परतत नाहीत, एका भागातून दुसऱ्यात जातात आणि तिथेच संपतात. ‘डोक्यावरून गेलं’ असा शेरा मिळालेली गाणी पुन्हा ऐकून पाहावीत. त्यांत शैलींची गर्दी असतेच असे नाही, ध्रुवपद मात्र हटकून नसते.

शब्दांविषयी मत दुभंगलेले आहे. भावगीत आणि नाट्यगीत ऐकत वाढलेल्यांना रिव्हर्बमध्ये हरवलेला उच्चार हा सरळ दोष वाटतो. तरुण श्रोते गळ्याला आणखी एक वाद्य मानतात आणि शब्द नंतर मोबाइलवर वाचतात. इंग्रजी शब्दांतली उदासी उसनी आहे, असाही आरोप होतो. काही अल्बमांबाबत तो खरा आहे : ज्या शहरात पाऊस जूनमध्ये येऊन रूळ बुडवतो, तिथल्या गाण्यात मँचेस्टरची बारमाही भुरभुर पडत राहते.

मेटल, म्हणजे रॉकचा जड, कर्कश प्रकार, ऐकणाऱ्यांचे मत निराळ्या टोकाचे. त्यांच्या लेखी काळोख म्हणजे वजन, आणि इंडी बँडचा काळोख ‘हलका’. डीमॉनिक रिझरेक्शन किंवा भयानक मौत हे मेटल बँड ऐकणारा श्रोता संथ, पोकळ ध्वनीच्या अल्बमला ‘साउंडचेकच चाललाय’ म्हणून निकालात काढतो. उलट बाजूने मेटलवर एकसुरीपणाचा ठपका येतो. दोन्ही गट बऱ्याचदा एकाच कार्यक्रमाला हजर असतात आणि एकमेकांचे बँड वाजताना बाहेर सिगारेट ओढत उभे असतात.

मराठी : मराठीतून या धाटणीचे पूर्ण अल्बम थोडे आहेत, आणि रॉक अल्बमचे सविस्तर परीक्षण प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिकांतून झाले; रॉलिंग स्टोनची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली. अभंग रीपोस्टसारखे गट रॉकच्या वाद्यमेळात अभंग गातात. तिथे गिटार कितीही जड असली तरी कोणी तिला काळोखी म्हणत नाही, आणि शब्द कळत नाहीत ही तक्रारही येत नाही, कारण ते श्रोत्यांना आधीच पाठ असतात.