पाळीनिहाय कामवाटप

पाळीनिहाय कामवाटप म्हणजे पाळ्यांमध्ये चालणाऱ्या आस्थापनेतील कामे संगणक प्रणालीत नोंदवून ती ठरावीक पाळीला, जागेला किंवा व्यक्तीला नेमून देण्याची आणि पुरी झाली की नाही ते तपासण्याची पद्धत. ड्युटी चार्ट हा तिचा पाया असला, तरी दोन्ही एक नव्हेत. कोण केव्हा हजर राहणार हे चार्ट सांगतो. हजर असलेल्याने काय करायचे, हे कामवाटपातून ठरते.

नागपूरला पाळीचे काम जुन्या ओळखीचे आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे 1877 मध्ये सुरू झाली. आज कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रे, बुटीबोरी व हिंगण्याचे कारखाने, रेल्वे, आणि शहर ज्यांना नुसते ‘मेडिकल’ व ‘मेयो’ म्हणते ती रुग्णालये रात्रंदिवस चालतात. गिरण्यांच्या काळात गैरहजर कामगाराच्या जागी बदली कामगार उभा राही आणि त्या मागावरचे काम आपोआप त्याच्याकडे येई. काम माणसाला नव्हे, जागेला जोडलेले असे.

प्रणालीची मांडणी करताना नेमका हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ‘रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा दाब पाहणे’ हे काम एखाद्या परिचारिकेच्या नावावर टाकले आणि तिने ऐन वेळी सहकारिणीशी पाळी बदलून घेतली, तर सूचना घरी झोपलेल्या बाईच्या मोबाइलवर जाते आणि वॉर्डात कोणालाच काही कळत नाही. म्हणून रोजची कामे ‘रातपाळी, अमुक वॉर्ड’ अशा जागेवर टाकावीत आणि हजेरी लागताच ती त्या जागेवरील व्यक्तीच्या यादीत उतरावीत. नावानिशी नेमणूक फक्त खास परवाना, प्रशिक्षण किंवा आधीची माहिती लागणाऱ्या कामांपुरती ठेवणे योग्य.

कामे बहुधा निसटतात ती पाळी बदलताना. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 58 ने, सूट दिलेली नसल्यास, एकाच प्रकारच्या कामावर एकाच वेळी दोन पाळ्यांचे कामगार राबवण्यास मनाई केली. त्यामुळे कारखान्यात जाणाऱ्या व येणाऱ्या पाळीला एकत्र उभे राहून बोलायला फारसा अवकाश मिळत नाही आणि लेखी चार्जवरच, म्हणजे काम सोपवताना लिहून ठेवलेल्या नोंदीवरच, भिस्त राहते. त्या अधिनियमाचे हे बंधन रुग्णालयांना नसल्याने तेथे पाळ्या थोड्या एकमेकींवर चढवता येत. चांगल्या प्रणालीत अपुरे काम नुसते पुढच्या यादीत सरकत नाही. ते कुठवर आले आणि का थांबले हे लिहिल्याशिवाय आधीच्या पाळीला ते सोडता येत नाही, आणि येणाऱ्याने ‘स्वीकारले’ असे नोंदवेपर्यंत जबाबदारी आधीच्याकडेच राहते.

रातपाळीच्या तारखेचा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण त्यातून खरी गफलत होते. रात्री दहा ते सकाळी सहाच्या पाळीत मध्यरात्रीनंतर केलेले काम कोणत्या दिवसाचे? त्याच अधिनियमाच्या कलम 57 ने मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायला सांगितले होते. प्रणाली मात्र घड्याळाची तारीख धरत असेल, तर एकाच पाळीची कामे दोन दिवसांत फुटतात आणि पहाटे चारचे काम आदल्या दिवसाच्या यादीत ‘राहिलेले’ दिसते. यासाठी प्रत्येक काम पाळीच्या आरंभाच्या तारखेशी बांधणे हा सोपा व पक्का उपाय आहे.

कौशल्य, विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी पाहून काही प्रणाली आपोआप वाटप सुचवतात. अंतिम शब्द पर्यवेक्षकाचाच असावा, कारण कालच डबल ड्युटी करून आलेला माणूस किती थकला आहे हे त्यालाच दिसते.

नियमित कामांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलण्याची सोयही येथे आवश्यक आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा छतावरील, आवारातील व रुळांवरील तपासणी दुपारच्या यादीतून काढून पहाटेच्या किंवा सूर्यास्तानंतरच्या पाळीला द्यावी लागते, आणि त्या पाळ्यांचे मनुष्यबळही त्या प्रमाणात वाढवावे लागते.