मॅक्रोत जीएसटीचा दर बदलायचाय? आधी हे वाचा

22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला, आणि तेव्हापासून इंदुरात सियागंज काय, मालवा मिल काय, आम्ही करून दिलेल्या एक्सेलच्या बिल फायलींबद्दल सगळीकडून एकच फोन येतोय, "भाऊ, मॅक्रो बिघडलं." मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधे बिलाचं काम आपोआप करणारा कोड, बिघडलेलं नसतं. दुकानातल्या कुणीतरी ऑल्ट एफ-11 दाबून कोड उघडलेला असतो आणि कंट्रोल-एच करून 12 च्या जागी 5, रिप्लेस ऑल.

दर 5 होतो खरा, पण त्यासोबत महिन्यांचा 1 ते 12 चा लूप (तेच काम एकेका महिन्यासाठी परत करणारा कोड) 1 ते 5 होतो नि वर्षाचा रिपोर्ट पाचव्याच महिन्यावर थांबतो, बाराव्या कॉलममधली रक्कम पाचव्यात जाऊन पार्टीच्या नावावर बसते, कुठे 112 असेल तर तिथे 15 होतं. एरर येतेच असं नाही, बिलं छापली जात राहतात, म्हणून कळायलाच आठ-दहा दिवस जातात. आणि उलटं रिप्लेस करून हे सुधरत नाही बरं का, कारण आधीपासून जे खरे 5 होते ते पण मग 12 होतात. आम्हाला एकेक ओळ वाचत बसावं लागतं, अर्धा दिवस सहज जातो, आणि त्याचा चार्ज लावताना आम्हालाही बरं वाटत नाही.

खरं तर बदलायची होती एकच ओळ. आमच्या जुन्या फायलींत मॉड्यूलच्या, म्हणजे कोडच्या पानाच्या, अगदी वर लिहिलंय: कॉन्स्ट नमकीनदर = 12. खाली दराचा आकडा कुठेच नाही, नुसतं नमकीनदर हे नाव आहे. कॉन्स्ट म्हणजे कॉन्स्टंट, ठरलेली किंमत, आणि तो ठेवायचा तो याचसाठी, मॅक्रो चालू असताना त्याची किंमत कुणाला बदलता येत नाही आणि बदलायची झालीच तर एका जागी बदलायची. आपल्या मध्य प्रदेशचा स्टेट कोड 23, आर्थिक वर्षाचा पहिला महिना 4, शीटांची नावं, हे सगळं तिथेच आहे.

काही जण विचारतात की दर सरळ सेलमधेच का नाही ठेवला. ठेवून पाहिला होता. काउंटरवर गर्दीत कुणाचा हात लागून सेलमधला दर पुसला गेला की दिवसभराची बिलं चुकतात. पण आता दर बदलला तेव्हा आम्हालाही पटलं की नुसता कॉन्स्टंट पुरत नाही, कारण 22 सप्टेंबरच्या आधीच्या बिलाचा माल परत आला तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारी चिठ्ठी) जुन्याच दराने करावी लागते. म्हणून नव्या फायलींत लॉक केलेल्या शीटवर तारखेसकट दर असतात, आणि मॅक्रो मूळ बिलाची तारीख पाहून दर व्हेरिएबलमधे घेतं. जुन्या फाइलमधे ही सोय हवी असेल तर करून देतो, एएमसीवाल्यांना (वर्षाचा देखभाल करार असलेल्यांना) वेगळा चार्ज नाही.

व्हेरिएबल म्हणजे कच्च्या चिठ्ठीवरचा आकडा समजा. फाइल बंद केली की गेला, मधेच एरर येऊन त्या मेसेजमधलं एंड बटण दाबलं तरी गेला. म्हणून बिल नंबर आम्ही व्हेरिएबलच्या भरवशावर सोडत नाही, प्रत्येक बिलानंतर शीटवर लिहून ठेवतो. दुसरीकडून करून घेतलेल्या फायलींत रोज सकाळी नंबर 1 पासून सुरू व्हायची तक्रार असते ती बहुतेक यामुळेच. तसंच ओळ नंबरसाठी इंटिजर हा छोट्या आकड्यांचा व्हेरिएबल घेतला असेल तर 32,767 च्या पुढे ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा न मावल्याची एरर, येतो, शीटमधे मात्र 10,48,576 ओळी आहेत, तिथे मोठ्या आकड्यांचा लाँगच घ्यायला हवा. अशा फायली पण आणा, बघून देऊ.

आणि कोडमधली अगदी वरची ऑप्शन एक्स्प्लिसिट ही ओळ, जी प्रत्येक व्हेरिएबलचं नाव आधी जाहीर करायला लावते, कृपा करून काढू नका. ती सारखे मेसेज दाखवते म्हणून काही जण उडवतात. ती नसेल आणि तुम्ही नमकीनदर ऐवजी नमकिनदर टाइप केलं, तर एक्सेल मुकाट्याने नवं रिकामं व्हेरिएबल बनवतं, हिशोबात ते शून्य धरलं जातं आणि बिलात टॅक्सच लागत नाही.

कोडला हात लावायच्या आधी फाइलची एक कॉपी करून ठेवा आणि व्हॉट्सअॅपवर आम्हाला पाठवा, एक ओळ बदलायची असेल तर फोनवरच सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) असते, त्या दिवशी ऑफिस बंद असतं.