स्पार्टाच्या दोन गाद्या आणि एजिसचा खून : पार्श्वभूमी

स्पार्टात एकाच वेळी दोन घराण्यांचे दोन राजे असायचे हे बहुतेकांना माहितीये, थर्मोपिली आणि 300 जणांची गोष्टही सगळ्यांची ऐकून झालीये, त्यामुळे तिकडे जात नाही. इथे जो लिओनिडास येतो तो थर्मोपिलीत लढलेला लिओनिडास राजा नव्हे, त्यानंतर सव्वादोनशेहून जास्त वर्षांनी झालेला दुसरा.

दोन घराण्यांचं भांडण जुनंच. इ.स.पू. 491 च्या सुमारास क्लिओमिनीस या राजाने डेल्फीच्या देवळातला देवाचा कौल मॅनेज करून सोबतचा राजा डेमाराटस हा आधीच्या राजाचा मुलगाच नाही असं ठरवून घेतलं आणि त्याला घालवलं, तो शेवटी इराणच्या दरबारात गेला. पुढे इ.स.पू. 400 च्या आसपास एका काकाने पुतण्याच्या जन्मावर संशय घेऊन गादी मिळवली. म्हणजे हत्यार ठरलेलं होतं, जन्म आणि देवाचा कौल.

खरा पेच इ.स.पू. तिसऱ्या शतकातला. 371 ची ल्युक्ट्राची लढाई हरल्यावर मेसेनिया हा स्पार्टाच्या ताब्यातला शेजारचा प्रदेश हातचा गेला होता, जमिनी मोजक्या घरांत गोळा झालेल्या, अस्सल स्पार्टन, म्हणजे पूर्ण हक्काचे नागरिक, जेमतेम 700 उरले आणि त्यातल्या साधारण 100 जणांकडेच जमीन. अशा वेळी विशीही न गाठलेला एजिस राजा झाला आणि त्याने थेट कर्जमाफी आणि 4500 नवे जमिनीचे वाटे असा प्रस्ताव आणला, वर स्वतःची जमीन आणि 600 टॅलेंट (टॅलेंट म्हणजे तेव्हाचं पैशाचं मोठं माप) देतो म्हणाला. त्याची आई आणि आजी गावातल्या सगळ्यात श्रीमंत बायका, त्याही तयार झाल्या. ज्येष्ठांच्या सभेत प्रस्ताव एका मताच्या फरकाने पडला, विरोधकांच्या पुढे होता दुसरा राजा लिओनिडास.

मग एजिसच्या बाजूच्या एका एफोरने (एफोर म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे, राजांवरही नजर ठेवणारे पाच अधिकारी) जुना कायदा बाहेर काढला, राजवंशातल्या पुरुषाला परदेशी बाईपासून मूल होता कामा नये, आणि लिओनिडासने पूर्वेकडच्या ग्रीक दरबारात असताना तसं लग्न केलेलं होतं. शिवाय दर नवव्या वर्षी चांदणं नसलेल्या रात्री आकाश बघत बसायचं, तारा निखळला तर राजाने देवाचा अपराध केला असं मानायचं, ही प्रथा होती, तीही वापरली गेली. लिओनिडास देवळात आश्रयाला गेला आणि गादीवर त्याचाच जावई बसला.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा नेहमीचा डाव म्हणता आला असता, पण वर्ष संपलं, नवे एफोर विरोधी निघाले, जुन्यांवर खटले भरायला लागले. तेव्हा एजिस आणि जावईराजा दोघांनी मिळून एफोरांनाच पदावरून उठवलं. त्यांचं म्हणणं असं की एफोरांचा अधिकार दोन राजांचं पटत नसेल तेव्हाच, दोघे एकमताने बोलत असतील तर एफोरांनी मध्ये यायचं कारण नाही. अनेक अभ्यासक याला सरळ सत्ता बळकावणं म्हणतात. मला तसं वाटत नाही, कारण ही मांडणी दोन राजांच्या पद्धतीच्या गाभ्यालाच हात घालते, राजे भांडत राहिले तरच तिसऱ्याच्या हातात निर्णय राहतो, आणि स्पार्टात दीडशे-दोनशे वर्षं तेच चाललं होतं. पण रिकाम्या जागांवर नेमलेल्या नव्या एफोरांत एजिसचा मामा होता हे मात्र घातक ठरलं. मामाकडे जमीन भरपूर आणि डोक्यावर कर्जही भरपूर, त्याने आधी कर्जाचे कागद चौकात जाळायला लावले आणि जमीनवाटप लांबवत राहिला. लोकांचा विश्वास उडाला.

लिओनिडास पळत असताना त्याला वाटेत मारायचा बेत मामाने केला होता, एजिसने माणसं पाठवून त्याला सुखरूप तेगेआ या शेजारच्या शहरात पोचवलं. तोच लिओनिडास 241 मध्ये परत आला आणि एजिसला तुरुंगात गळा आवळून मारण्यात आलं, त्याच दिवशी आई आणि आजीलाही. हे सूडाशिवाय दुसरं काही नव्हतं.

एजिसच्या विधवेचं लग्न लिओनिडासने आपल्या मुलाशी, क्लिओमिनीसशी (हा वरच्या क्लिओमिनीसच्या नावाचा दुसरा) जबरदस्तीने लावलं. तिच्याकडूनच त्याला एजिसची सगळी हकीकत कळली असं सांगतात. राजा झाल्यावर 227 मध्ये त्याने पाचपैकी चार एफोर मारले, कर्जमाफी आणि जमीनवाटप खरोखर केलं, आणि दुसऱ्या गादीवर स्वतःचा सख्खा भाऊ बसवला. त्याआधी एजिसच्या भावाला परत बोलावलं होतं, तो लगेच मारला गेला, कोणाच्या सांगण्यावरून यावर जुन्या लेखकांतच एकमत नाही, पण फायदा क्लिओमिनीसचाच झाला. 222 मध्ये सेलासियाच्या लढाईत मॅसिडोनियाने त्याला हरवलं, तो इजिप्तला पळाला आणि तिथेच मेला. पुढे एकाने प्रत्येक एफोरला एकेक टॅलेंट देऊन गादी घेतली असं एक ग्रीक इतिहासकार सांगतो. सोबतचा राजा लहान मुलगा होता, त्यालाही हाकललं, आणि स्पार्टात दुसरी गादी पुन्हा भरली गेली नाही.