विंडो स्क्रीनबाहेर गेली? मशीन उचलून आणण्याआधी हे वाचा

टास्कबारवर सॉफ्टवेअरचं चिन्ह दिसतंय, त्याखाली रेघ आहे, म्हणजे ते चालू आहे. पण क्लिक केलं तरी समोर काहीच येत नाही. अशा वेळी बरेच ग्राहक सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, काहीजण तर थेट "फॉरमॅट मारून द्या" म्हणतात. दोन्हींची गरज नसते. पुन्हा टाकूनही अनेकदा फरक पडत नाही, कारण विंडो कुठे उघडायची ती जागा सॉफ्टवेअरने सेटिंगमध्ये जपून ठेवलेली असते.

होतं असं, की लॅपटॉपला दुसरा मॉनिटर, प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडलेला असतो. विंडो तिकडे नेऊन काम होतं, तिथेच ती बंद केली जाते आणि मग वायर निघते. एरवी विंडोज अशा विंडो स्वतःच परत आणतं, पण बिलिंगची जुनी सॉफ्टवेअर ऐकत नाहीत. कधी वायर जोडलेलीच राहते आणि टीव्ही मात्र बंद असतो. कॉम्प्युटरच्या हिशेबी तो पडदा अजून आहेच! तेव्हा विंडोज बटण आणि पी एकत्र दाबा आणि 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. पुष्कळदा काम इथेच संपतं.

नाही संपलं, तर ही खरी हुकमी रीत:

१. टास्कबारवरच्या चिन्हावर क्लिक करून किंवा ऑल्ट-टॅबने ती विंडो निवडा.
२. ऑल्ट दाबून धरा आणि स्पेसबार दाबा. दोन्ही सोडा, मग एम दाबा. मेनू दिसला नाही तरी दाबा, तोही बाहेरच उघडलेला असू शकतो.
३. बाणाचं कोणतंही एक बटण एकदाच दाबा. आता माउस हलवा, विंडो त्याला चिकटून आत येईल. क्लिक केलं की सुटेल.

मेनूतलं 'मूव्ह' फिकट दिसत असेल, तर विंडो पूर्ण मोठी केलेली आहे. आधी 'रिस्टोअर' करा. काही नव्या ॲपना हा मेनूच नसतो. तिथे विंडोज बटणासोबत डावा किंवा उजवा बाण दाबून पाहा.

कधी सॉफ्टवेअर समोर असतं, पण कुठेही क्लिक केलं की नुसता 'टुंग' आवाज येतो. लोक याला हँग म्हणतात. अनेकदा ते हँग नसतं, एक छोटा प्रश्न बाहेर कुठेतरी उघडून तुमच्या उत्तराची वाट पाहत असतो. तोही वरच्याच रीतीने आत येतो. टास्क मॅनेजरमधून 'एंड टास्क' करू नका, सेव्ह न केलेल्या एंट्री जातील.

दुसरी तक्रार अशी, की विंडो दिसते, पण खालचं 'ओके' बटण स्क्रीनखाली जातं. इथे दोष मापाचा आहे. १३६६ × ७६८ च्या लॅपटॉपवर स्केल, म्हणजे अक्षरं-चित्रं मोठी करून दाखवण्याचं प्रमाण, १२५ टक्के असेल, तर ७६८ ऐवजी जेमतेम ६१४ पिक्सेलइतकी उंची हाती राहते आणि त्यातही टास्कबार वाटा घेतो. १९२० × १०८० ची स्क्रीनही १५० टक्क्यांवर ७२० चीच होते, म्हणून नवा लॅपटॉप घेऊनही हा त्रास संपत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन स्केल १०० करा आणि ते सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. अक्षरं बारीक होतील. डोळ्यांना झेपत नसेल तर काम होताच पूर्वीसारखं ठेवा. तेवढ्याने भागलं नाही, तर तिथेच 'डिस्प्ले ओरिएंटेशन' मध्ये 'पोर्ट्रेट' निवडा. स्क्रीन आडवी पडेल, मान वाकडी करावी लागेल, पण बटण सापडेल. न दिसणाऱ्या बटणावर अंदाजाने एंटर मारू नका. तिथे 'डिलीट' असू शकतं.

विंडोज ११ वापरत असाल तर डिस्प्लेमधल्या 'मल्टिपल डिस्प्लेज' खालचा 'रिमेंबर विंडो लोकेशन्स' हा पर्याय चालू ठेवा. मॉनिटर काढला-जोडला तरी विंडो आपापल्या जागी परत येतात. जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र साधी सवय बरी, वायर काढण्याआधी विंडो लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओढून घ्या आणि तिथेच बंद करा.

एवढं करूनही जमलं नाही तर फोन करा. मशीनसमोर बसूनच करा आणि सॉफ्टवेअरचं नाव, विंडोज १० की ११, शेवटी कोणता मॉनिटर किंवा टीव्ही जोडला होता, हे सांगा. एवढ्याशा कामाचे आम्ही पैसे घेत नाही.