लाल दिव्यापाशी सायकल कुठे उभी करावी?

सिग्नल लाल झाला, की सायकलस्वार सहसा थांबलेल्या वाहनांच्या डाव्या बाजूने पुढे सरकतो आणि पदपथाच्या कडेला पाय टेकवून उभा राहतो. शेजारी मोटार असेल तर बहुतेक वेळा हे निभावून जाते. ट्रक किंवा डंपर असेल तर मात्र चौकातली सर्वांत घातक जागा हीच ठरते. लंडनमध्ये 2015 ते 2017 या काळात सायकलस्वारांच्या प्राणघातक अपघातांपैकी 63 टक्के अपघातांत अवजड मालवाहू वाहने होती, आणि शहरात वाहनांनी कापलेल्या एकूण अंतरात त्यांचा वाटा होता अवघा 4 टक्के. ब्रिटनमधली वाहतूकही आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, त्यामुळे तिथल्या चौकांची भूमिती आपल्याही चौकांना जशीच्या तशी लागू पडते.

पहिला प्रश्न चालकाच्या नजरेचा आहे. समजा, केबिनमध्ये उजवीकडे बसलेल्या चालकाचे डोळे रस्त्यापासून 2.5 मीटर उंच आहेत, डावी खिडकी त्याच्यापासून 1.7 मीटरवर आहे आणि तिची खालची कड 2 मीटर उंचीवर आहे. त्या कडेला स्पर्शून खाली उतरणारी दृष्टिरेषा 1.6 मीटर उंचीपर्यंत, म्हणजे सायकलस्वाराच्या डोक्यापर्यंत, पोहोचते तेव्हा ती खिडकीच्या सुमारे 1.4 मीटर बाहेर गेलेली असते. याचा अर्थ, केबिनला लागून त्या पट्ट्यात उभा असलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत खिडकीतून दिसत नाही. मग भिस्त उरते ती आरशांवर. प्रकाशाचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्यामुळे इथे एक साधी कसोटी लावता येते: ज्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नाही, त्या आरशात त्यालाही तुमचा चेहरा दिसत नाही.

दुसरा प्रश्न चाकांचा आहे. लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून न जाता वळणाच्या आतल्या बाजूला सरकतात. पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर 6 मीटर असेल आणि पुढचा आस 10 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत राहिला, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार मागचा आस 8 मीटर त्रिज्येवर येतो. चौकातले वळण काटकोनातच संपत असल्याने प्रत्यक्षात हा फरक 2 मीटरपेक्षा काहीसा कमी राहतो, पण ट्रक आणि पदपथ यांच्यामधली फट बुजवायला तेवढा पुरेसा असतो. शिवाय डावीकडे वळण्यासाठी चालक आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो. त्यामुळे ती फट रुंद होत असल्याचा भास होतो आणि सायकलस्वार नेमका त्याच क्षणी तिच्यात शिरतो.

या दोन्ही अडचणींवर उपाय म्हणून ब्रिटनमध्ये मोटारींच्या थांबरेषेपुढे सायकलींसाठी वेगळा चौकोन आखतात. कल्पना उत्तम आहे, कारण चालकाच्या समोर काही मीटरवर उभा असलेला सायकलस्वार त्याला पूर्ण दिसतो आणि वाहनांचा धूरही मागे राहतो. मात्र या चौकोनाकडे नेणारी अरुंद मार्गिका बहुतेक ठिकाणी डाव्या कडेनेच काढलेली असते, आणि ही आखणी मला चुकीची वाटते. ती सायकलस्वाराला ट्रकशेजारून जाण्याचे जणू आमंत्रणच देते, आणि तो वाटेत असतानाच दिवा हिरवा होऊ शकतो. म्हणून पुढे ट्रक उभा असेल तर त्याच्या मागेच, रांगेत आणि मार्गिकेच्या मध्यभागी थांबणे शहाणपणाचे आहे. 29 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या ब्रिटनच्या सुधारित हायवे कोडमध्येही चौकाजवळ येताना मार्गिकेच्या मधून चालण्याचा सल्ला आहे. लंडनने वाहनांच्या बाजूनेही पावले उचलली आहेत: केबिनमधून थेट किती दिसते यावरून 12 टनांहून जड ट्रकना तारे दिले जातात, आणि ऑक्टोबर 2024 पासून किमान तीन तारे नसलेल्या ट्रकला कॅमेरे, सेन्सर अशी जादा साधने बसवावी लागतात.

मध्यभागी थांबण्यामागे तोलाचेही कारण आहे. सायकल एका बाजूला कलली, की स्वार हँडल त्याच बाजूला वळवून चाके पुन्हा आपल्या खाली आणतो. या दुरुस्तीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ताशी 16 किलोमीटरला हँडल जेवढे वळवून भागते, त्याच्या साधारण चौपट ते ताशी 8 किलोमीटरला वळवावे लागते. सुटताना सायकल नागमोडी जाते ती यामुळेच, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. थांबण्यापूर्वीच हलका गिअर टाकून ठेवावा, डावा पाय जमिनीवर टेकवावा आणि उजवे पॅडल पुढे व थोडे वर ठेवावे, म्हणजे पहिल्याच दाबात पुरेसा वेग मिळतो आणि डगमगण्याचा काळ कमी होतो.

महाराष्ट्रातल्या ज्या चौकांत डावीकडे वळायला मोकळीक आहे, तिथे सरळ जाणाऱ्याने डाव्या कडेला थांबणे आणखी धोक्याचे असते, कारण सिग्नल लाल असतानाही मागची वाहने तिथूनच वळत राहतात. अशा ठिकाणी थांबण्याच्या बरेच आधी मागे पाहून, हात दाखवून सरळ जाणाऱ्या रांगेत यावे.